उसन्या वेण्या

काला उता, ओरुरो
१४ एप्रिल २०१२

प्रिय कोमाद्रे सुलेमा,

तुझी खोकी पोचली. बसवाल्याने ती टपावर मेंढ्यांच्या शेजारी बांधून आणली, तरी आतली काच शाबूत राहिली. हा त्या मेंढ्यांचा चांगुलपणा. मुख्याध्यापकांनी रीतीप्रमाणे धरणीमातेला बियर शिंपडली, खोक्यांवर रंगीत कागदाचे तुकडे उधळले आणि उरलेली बियर स्वतःच्या घशात शिंपडली. मग भाषण. ‘समान आकाश प्रतिष्ठानाने आपल्या आयमारा लेकरांना विज्ञानाचं दार उघडून दिलं’, वगैरे. दार उघडून झाल्यावर साहेब त्या खोलीला कुलूप घालायला निघाले, म्हणे पोरं मोडतील. मी किल्लीच काढून घेतली.

सामान चांगलं आहे. तराजू, तापमापक, भिंगं, स्पिरिटचे दिवे. पण यादीतल्या केस झाकायच्या टोप्या आणि चष्मे कुठे आहेत गं? ते सोडून भिंतीवर लावायची चित्रं मात्र ढीगभर आली आहेत. चित्रात घेरदार परकर घातलेली एक मुलगी आहे, हातात काचेची नळी, खाली पेटता दिवा, आणि दोन लांब वेण्या थेट त्या दिव्यावर लोंबताहेत. वर लिहिलंय, ‘विज्ञान सर्वांचं’. ज्याने हे काढलं त्याने जन्मात दिवा पेटवला नसावा, आणि वेणी तर घातलीच नसावी.

आता खरं सांगते. तुझ्या रुफिनाची वेणी जळली. तिने चुन्योवर प्रयोग मांडलाय. बटाटे रात्री हिमात ठेवायचे, सकाळी तुडवून पाणी काढायचं, वाळवायचे, हे आपण आयांकडून शिकलो आणि कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. ही विचारते. किती थंडीत साल फुटते, कुठल्या बटाट्यातून पाणी जास्त जातं. दिव्यावर चकत्या वाळवत होती, तराजू वाचायला वाकली, आणि वेणीच्या टोकाच्या लोकरी गोंड्याने भडका घेतला. तिने डोकं सरळ बादलीत घातलं म्हणून चेहरा वाचला. डावी वेणी कानापर्यंत गेली. उजवी तिने स्वतःच कात्रीने उडवली. म्हणाली, “एकीला कशाला ठेवू, रडत बसेल.” मी रडले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा तराजूपाशी.

तू तिचं जावळ काढलंस तेव्हा ती दोन वर्षांची होती. पहिली बट कापून सगळ्या गावासमोर म्हणालीस, “आजपासून ही माझी पण लेक.” तेव्हापासून तू तिची माद्रीना आणि माझी कोमाद्रे, म्हणून तुला आधी कळवते. टोप्या तेवढ्या लवकर पाठव.

तुझी,
प्रिमितिवा

ला पाझ
२ मे २०१२

प्रिय प्रिमी,

वाचून काळजाचं पाणी झालं. पोरीला माझा मुका दे.

टोप्या आणि चष्मे आमच्याच गोदामात आहेत. मुद्दामच मागे ठेवलेत. ऑगस्टनंतर मोठे पाहुणे यायचे आहेत, त्यांच्या हस्ते वाटायचे. तुम्ही आधीच वापरून मळवलेत तर फोटोत काय दिसणार? जरा धीर धर. आणि हे जळण्याबिळण्याचं पुन्हा कुठे लिहू नकोस, बोलू तर मुळीच नकोस. आमच्या अहवालात ‘इजा’ हा शब्द आला की दाते उडालेच म्हणून समज. मग तुलाही खोकी नाहीत आणि मलाही नोकरी नाही. रुफिनालाही सांग. जावळाची शपथ घाल हवं तर.

आता गोड बातमी. कोचाबांबाच्या विज्ञान निवासी शाळेत दोन वर्षांची एक जागा आमच्या प्रतिष्ठानाला मिळाली आहे. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं. खरी प्रयोगशाळा, नळाला चोवीस तास पाणी. तिथून निघालेली पोर थेट विद्यापीठात जाते. जागा फक्त मूळनिवासी मुलीसाठी. निवड ऑगस्टमध्ये ला पाझला आहे, आणि निवड समितीची चिटणीस कोण? तुझी कोमाद्रे!

एकच अडचण आहे. मुलगी तशी दिसायला हवी. परकर, शाल, गोल टोपी, दोन वेण्या. जीन्समधली बॉयकट पोर बघून दाते विचारतात, “ही तर आमच्याच भाचीसारखी दिसते, हिला मदत कशाला?” त्यांचंही खोटं नाही. जूनमध्ये आमचा फोटोग्राफर येईल, पुढच्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी. तोवर कुठूनतरी वेण्या पैदा कर. ओरुरोच्या बाजारात टांगलेल्या असतात.

तुझी,
सुलेमा

काला उता
२० मे २०१२

सुलेमा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रुफिनाला वाचून दाखवलं, ती चूक झाली.

ती म्हणाली, “आई, माद्रीनाला विचार, बटाट्याला परकर नेसवू का?”

अध्यापक विद्यालयातलं पहिलं वर्ष आठवतं का? वसतिगृहाच्या मागे मी तुझ्या वेण्या कापल्या. तू म्हणालीस, “या शेपट्या असेपर्यंत मला कोणी बाई म्हणणार नाही, सगळे ए पोरी म्हणतील.” परकर पोत्यात भरलास आणि सेकंडहँड पँट चढवलीस. मी नाही कापल्या. मास्तर मला वर्गात चहा आणायला सांगायचे आणि तू बाकावर बसून हसायचीस. मी तुला दोष देत नाही. पण जे टाकून तू खुर्चीवर चढलीस, तेच आता माझ्या पोरीच्या डोक्यावर ठेवून तिला खुर्चीशी नेतेस. दाखवायचे दात किती चकचकीत असावेत, त्याला काही सुमार?

तिचा प्रयोग बघा ना. त्यावर निवडा. नाहीतर राहू दे.

पण तिच्या वर्गापुढे इथे शाळा नाही. माझ्या बहिणीची मुलगी सीमेपलीकडे इकीकेला गेली, समुद्राकाठच्या एका हॉटेलात चादरी बदलते. ती हिला बोलावते आहे. मी दर आठवड्याला नाही म्हणते.

प्रिमितिवा

ला पाझ
३ जून २०१२

प्रिमी,

फोटोग्राफर चोवीस तारखेला येतोय. पोतोसीहून एक मुलगी आधीच आली आहे, कमरेखाली वेण्या. तिला तापमापक उलटा धरलेला चालतो, पण फोटोत बघशील तर बघतच राहशील.

तत्त्वं घे आणि चुन्योच्या रश्शात घालून उकळ. मीठसुद्धा लागणार नाही, इतकी खारट असतात. पोर एकदा त्या शाळेच्या फाटकाच्या आत गेली की वेण्या काढून खिडकीबाहेर फेकू दे, कोण विचारतंय? फाटकापर्यंत तरी चल. मी आहे ना. मी असताना तिच्या केसाला धक्का लागेल का?

सुलेमा

काला उता
३० जून २०१२

कोमाद्रे,

झालं एकदाचं.

सान हुआनच्या सणाची रात्र, वर्षातली सगळ्यांत गार. रुफिनाने मैदानावर सहा जातींचे बटाटे मांडले होते आणि पहाटे तापमापक बघून आली तेव्हा तिच्या भुवयांवर हिम होतं. इतकी खूश होती. काळ्या बटाट्याची साल तिने म्हटलं होतं त्याच थंडीत फुटली. आणि दहाच्या बसने तुझा फोटोग्राफर उतरला.

तिने परकर हातात घेतला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच तिला विकायला काढलं आहे. मी म्हटलं, घाल. ती म्हणाली, “तू रोज घालतेस आई, मला तुझी लाज नाही वाटत. पण मी घातला तर तो खोटा होईल.” मी तिच्या थोबाडीत मारली. जन्मात पहिल्यांदा. मग तिने घातला. वेण्या मी स्वतः बसवल्या, तिच्या तोकड्या केसांत दोऱ्याने गुंफून. लांब, काळ्याभोर, गोंड्यांसकट. बाजारातून नाही आणल्या, एवढंच सांगते.

फोटोग्राफरने तिला दिव्यापाशी उभं केलं. म्हणाला, “वेण्या पुढे घे, जरा आचेवर येऊ देत, उजेड छान पडतो.” ती चटकन मागे सरली. तो म्हणाला, “घाबरते बिचारी, पहिल्यांदाच बघते आहे ना.” मी हसले. मेल्याहून मेल्यासारखं हसणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं.

शपथही घातली आहे. जळण्याचं ती कुठे बोलणार नाही. ऑगस्टमध्ये तिला बसमध्ये बसवून देईन. सगळं तुझ्यावर सोपवलं आहे.

इथे थंडी फार आहे. मी हल्ली वर्गातसुद्धा लोकरीची टोपी काढत नाही, पोरं हसतात.

प्रिमितिवा

ला पाझ
१८ ऑगस्ट २०१२

प्रिय प्रिमी,

एव्हाना रुफिना घरी पोचली असेल आणि तिने तिचं रडगाणं गायलं असेल. आता माझंही ऐक.

मागच्या वर्षी इथल्याच एका वकिलाच्या मुलीने भाड्याचा परकर नेसून अशीच जागा लाटली होती. वर्तमानपत्रात बोभाटा झाला. म्हणून समितीने यंदा नियम केला, की वेण्या तपासायच्या. इथे परकर-वेणीवाल्यांच्या सौंदर्यस्पर्धेत करतात तसं. मला फार उशिरा कळलं, पत्र टाकायलाही वेळ नव्हता. माझा जीव नुसता टांगणीला. पण नियम म्हणजे नियम. समितीच्या एका बाईंनी तपासलं, वेणी हातात आली आणि सगळं संपलं. मी खूप रदबदली केली. अध्यक्ष मार्गोतबाई म्हणाल्या, “ही तोतयेगिरी आहे. खऱ्या मूळनिवासी मुलीच्या तोंडचा घास ही पोर पळवत होती.” नाव कायमचं खोडलं. जागा पोतोसीच्या मुलीला गेली.

खरं सांगू? रुफिनाने जरा तोंड उघडलं असतं, दोन आसवं गाळली असती तर काही जमलं असतं. खांबासारखी उभी राहिली. तुझाच ताठा. तूसुद्धा बाजारातल्याच घ्यायला हव्या होत्यास, त्यांना आतून पक्का पट्टा असतो. दोऱ्याने बांधलेलं काय टिकणार!

मन मोठं कर. मुलीचं लहान वय आहे, विसरेल.

तुझी,
सुलेमा

काला उता
२ सप्टेंबर २०१२

सुलेमा,

रुफिनाने रडगाणं गायलं नाही. जे सांगितलं ते एकदाच, बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

तिने तिथे आपला काळा बटाटा नेला होता, फडक्यात बांधून. तो कोणी बघितला नाही. तिला आयमारात गाणं म्हणायला लावलं. चातीवर लोकर कातायला लावली. एका बाईने विचारलं, “तुमच्यात सूर्याला काय म्हणतात?” तिने सांगितलं. मग म्हणाली, “आणि त्याच्या उष्णतेने चुन्योतून किती पाणी जातं ते पण सांगू का?” त्या म्हणाल्या, “गोड आहे हं!”

मग मार्गोतबाई म्हणाल्या, “आता वेण्या.” कोणाचाही हात पुढे होईना. पोरीची वेणी ओढायची म्हणजे त्यांनाही थोडी लाज होती. उठलीस ती तू. समितीच्या एका बाई! नाव लिहायला शाई संपली होती का? तू तिच्या मागे गेलीस, खांद्यावर हात ठेवलास. तिला वाटलं, माद्रीना आली, आता निभावेल. आणि तू ओढलीस. उजवी वेणी तुझ्या मुठीत आली. एक बाई खुदकन हसली, मग सगळ्याच. डावी रुफिनाने स्वतःच सोडवून टेबलावर ठेवली.

आणि मार्गोतबाई तुला काय म्हणाल्या तेही तिने ऐकलं. “शाबास सुलेमा. तुमची मानसकन्या आहे अशी कुजबुज होती. बरं झालं, हा नियम तुम्हीच जुलैत लिहिलात.”

जुलैत! जुलै ते ऑगस्ट काला उताची बस रोज येत होती.

त्यांनी तिला विचारलं, “तुझ्या खऱ्या वेण्या कुठे गेल्या?” तिने तुझ्याकडे बघितलं. तू कागद चाळत होतीस. ‘प्रयोगात जळल्या, कारण टोप्या गोदामात होत्या’ एवढं म्हटलं असतं तर तोतयी कोण ते तिथेच ठरलं असतं. पण मी तिला शपथ घातली होती, तुझ्या सांगण्यावरून, तू काढलेल्या जावळाची. माझ्या मुलीने ती पाळली. तू म्हणतेस, तोंड उघडायला हवं होतं.

एकच मागणं आहे. त्या वेण्या परत पाठव. बाजारातून आणल्या नव्हत्या म्हणून लिहिलं होतं, तू विचारलंही नाहीस. त्या माझ्या आहेत. सान हुआनच्या आदल्या दिवशी मी कापल्या. विद्यालयातल्या मास्तरांनी हसून, चहा सांगून, मागच्या बाकावर बसवून ज्या माझ्याकडून काढवल्या नाहीत, त्या मी तुझ्या एका पत्रावर काढल्या. तुझ्या मुठीत आली ती आयमारा बाईचीच वेणी होती. खोटी म्हणून लिहून घेतलीत.

प्रिमितिवा

ला पाझ
२९ ऑक्टोबर २०१२

आदरणीय शिक्षिका प्रिमितिवा,

आपल्या मागणीबाबत. सदर वेण्या प्रकरणाच्या कागदपत्रांसोबत मोहोरबंद असून त्या परत देता येत नाहीत. मालकी सिद्ध करायची असल्यास आपण अर्ज करू शकता. मात्र अर्जात वेण्या मुलीला कोणी व का बसवल्या हे नमूद करावं लागेल आणि त्याचा परिणाम आपल्या नोकरीवर होऊ शकतो, हे मैत्रीच्या नात्याने सुचवते.

सोबत टोप्या आणि चष्मे पाठवत आहोत. पाहुण्यांचा कार्यक्रम रद्द झाला. नव्या वर्षाच्या दिनदर्शिकाही आहेत, प्रत्येक वर्गात लावाव्यात. त्या जुलैतच छापून झाल्या होत्या, त्यामुळे ऑगस्टच्या पानावर रुफिनाचा फोटो तसाच आहे. तो बदलणं खर्चाचं झालं असतं. फोटो सगळ्यांना फार आवडला.

प्रिमी, हे एवढं हाताने लिहिते. माझ्याही घरी पोटं आहेत. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

सु.

काला उता
१३ जानेवारी २०१३

कोमाद्रे सुलेमा,

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला माहीत आहे. मी माझ्या जागी होते तेव्हाच पोरीच्या थोबाडीत मारून तिला परकर घालायला लावला. म्हणजे तुझ्या जागेपासून मी फार लांब नव्हते. पण माझ्या हातात तिचे केस आले नाहीत.

दिनदर्शिका वर्गात लावली. मुख्याध्यापक स्वतः खिळा घेऊन आले. लहान पोरांनी ताबडतोब ऑगस्ट उघडला आणि ओरडली, “रुफिना! रुफिना!” फोटोखाली लिहिलंय, ‘विज्ञान सर्वांचं’. नाव नाही लिहिलेलं. खोडलं आहे ना.

टोप्या चांगल्या आहेत. पोरी घालतात. वेण्या आत कोंबाव्या लागतात, मग डोकी भोपळ्याएवढी दिसतात, पण दिव्याला आता कोणी घाबरत नाही. काळ्या बटाट्याचा प्रयोग अर्धा राहिला आहे. मी पुढे चालवून बघितला, पण साल नेमकी कधी फुटते ते रुफिनाला दुरून कळायचं, मला कळत नाही.

ती डिसेंबरात इकीकेला गेली. तिच्या मावसबहिणीच्या हॉटेलात, स्वयंपाकघरात, भांड्यांना. मी या वेळी नाही म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? तिचं एकच पत्र आलं आहे. तिथल्या मुकादमाने कामाला लावण्याआधी तिच्या हातात केस झाकायची टोपी दिली. पहिल्याच दिवशी. तिने ते दोनदा लिहिलंय.

माझे केस मानेपर्यंत आलेत, तिचेही तेवढेच असतील. आपल्यात जावळ एकदाच काढतात आणि काढणारीचं नातं मरेपर्यंत तोडता येत नाही, भांडणानेही नाही, पादरीला विचारूनही नाही. मी विचारून आले. म्हणून पत्राच्या डोक्यावर कोमाद्रे लिहावं लागलं.

प्रिमितिवा